लोसाच्या घरची लाकडी बाई

१२ जानेवारी, रविवार

चर्चमधली उपासना संपल्यावर परस्पर लोसाकडे गेले, खोकी भरायला. ती युटाला मुलाकडे जाणार हे आता पक्कं. सून मार्चअखेर बाळंत होणार, आणि लोसाचा खुबा तिला एकटीला राहू देत नाही. ईस्ट पालो आल्टोचं निळं घर विकलं. दारातला लिंबू नव्या मालकाचा.

आम्ही दोघी एका हॉस्पिटलात, एकाच बाळंतपणाच्या विभागात म्हाताऱ्या झालो. मी नर्स, ती मदतनीस, पण बायका कळा आल्या की हाक मारायच्या तिला. टोंगा बेटावरची. हात असे की पाठीवर ठेवला की बाई शांत. माझ्या डब्यातली मटकीची उसळ तिची, तिच्या डब्यातली नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं माझी. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा म्हटलं होतं, अगं, हे तर आमचं फतफतं! तो शब्द तिला इतका आवडला की पुढे कुठलंही जेवण तिला फतफतंच.

आज तिच्या आईची ट्रंक काढली. खोबरेल तेल आणि डांबरगोळ्या. त्यांचं ते झाडाच्या सालीचं कापड, तपकिरी नक्षीचं, गुंडाळ्या करून ठेवलेलं. तळाच्या गुंडाळीत काहीतरी टणक. लोसा म्हणाली, लाटणं असेल. उलगडलं तर बाई.

लाकडाची. माझ्या वितीएवढी. काळसर, तेल मुरलेली. गुडघे किंचित वाकवून उभी, हात अंगापासून सुटे, डोकं जरा मोठं. नाकडोळे हात लागून लागून झिजलेत. पोटावर तर आरशासारखी चमक.

लोसाने हातातलं कापड टाकलं आणि मागे सरली. मग म्हणाली, "तू घेऊन जा."

"मी?"

"विलियामी येतोय ट्रक घेऊन. त्याला दिसता कामा नये."

विलियामी तिचा थोरला भाऊ, त्यांच्या चर्चमध्ये उपदेश करतो. मी ती बाई कॅसरोलच्या पिशवीत घातली आणि घरी आणली. दुसरं काय करणार?


१३ जानेवारी, सोमवार

प्रभाकर सकाळी टॉवेल काढायला गेला आणि चादरींच्या कपाटापाशीच थांबला.

"ही पाहुणीबाई कोण?"

सांगितलं. चाळीस वर्षं कॉम्प्युटरच्या चिप्स डिझाइन केलेला माझा नवरा, त्याने आधी लाकडाचा वास घेतला. मग म्हणाला, "सोलापूरला आमच्या वडिलांनी पाहिलं असतं तर तुला बाहेर काढलं असतं. बाईला नाही, तुला." आणि तिला जरा मागे सरकवून ठेवलं, पडू नये म्हणून.

निशाला सिॲटलला फोन केला. आपली लेक इंग्रजीत बोलते आणि आपण मराठीत, असं आमचं चालतं. "मम्मी, यू कान्ट जस्ट कीप समबडीज गॉडेस विथ द बेडशीट्स."

मग कुठे ठेवू? देव्हारा आहे का माझ्याकडे?


१६ जानेवारी

देव्हाऱ्याचं लिहिलं आणि तेव्हापासून नगरचं घर डोक्यातून जात नाही.

आमच्या माजघराच्या भिंतीत देवळी होती. बाबाआजोबा चर्चचे पाळक, त्यामुळे तिच्यात बायबल आणि कंदिलाची काच. पण देवळी मूळची देवांची. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरातले चांदीचे टाक रुमालात बांधून मिशनच्या साहेबांच्या हातात दिले. ही गोष्ट घरात अभिमानाने सांगायचे. साहेब बॉस्टनहून आलेले. गावाने ज्यांना देवळाच्या पायरीला लागू दिलं नाही, त्यांना साहेबाने बाकावर बसवून पाटी दिली. ते मी कधी विसरणार नाही. मी नर्स झाले ती त्या पाटीमुळे.

पण ताईआजी मार्गशीर्षात एका ठराविक दिवशी वांग्याचं भरीत आणि रोडगे करायचीच. त्याआधी चार महिने वांगं घरात नाही. विचारलं तर म्हणायची, पावसाळी वांगी किडकी असतात गं. वर चिमूटभर हळद कणकेत, आणि पहिला रोडगा कुत्र्याला. मी कॉलेजात गेल्यावर एका मैत्रिणीच्या घरी तेच जेवण, तोच दिवस, तोच कुत्रा. तिची आई म्हणाली, आज चंपाषष्ठी, आमचा खंडोबा. मी घास तोंडात ठेवून बसून राहिले.

ताईआजीला माहीत होतं का? का तिलाही तिच्या सासूने वांगी किडकी असतात एवढंच सांगितलं होतं?

घरी येऊन विचारायचं होतं. विचारलं नाही. त्या सुट्टीत तिची तब्येत बिघडलेली होती, आणि मग विचारायचं राहूनच गेलं.


२४ जानेवारी, शुक्रवार

लोसाला कॅलट्रेनने शहरात संग्रहालयात नेलं. मीच फोन करून वेळ घेतली होती. बाई पिशवीत, माझ्या मांडीवर, वरून शाल. लोसा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती, पिशवीकडे एकदाही नाही.

तिथल्या तज्ज्ञ बाईंनी हातमोजे घातले, दिवा खाली ओढला आणि तिला फिरवून फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, घडण टोंगाच्या जुन्या देवतांसारखी आहे. अशा फार थोड्या उरल्यात. पण नंतर जहाजांवरच्या लोकांना विकायलाही तशाच कोरल्या गेल्या. लाकडाचा बारीक कण काढून तपासला तर काही सांगता येईल, तेही नक्की नाही.

लोसाने लगेच पोटावर हात ठेवला. बाईच्या. "टोचायचं नाही."

तज्ज्ञ बाई चांगल्या होत्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, तिकडे नव्या धर्मात आलेल्या राजानेच या मूर्तींना गळ्यात दोरी बांधून टांगलं होतं, मेल्या आहेत हे लोकांना दिसावं म्हणून.

"माहितीये," लोसा म्हणाली. "संडे स्कूलमध्ये शिकवतात. आम्ही टाळ्या वाजवायचो."

नंतर त्यांनी वरचं दालन दाखवलं. काचेत शेजारच्या बेटांवरचे लाकडी देव. एकाचं मांड्यांमधलं छाटलेलं, छिन्नीची खूण स्पष्ट. खाली पाटी: अमुक मिशनऱ्याच्या संग्रहातून. बाई म्हणाल्या, बाकीचे जळले. हे जिंकल्याची खूण म्हणून मायदेशी पाठवले, म्हणून राहिले.

मी त्या पाटीसमोरून हललेच नाही. पणजोबांचा रुमाल आठवला. साहेबांनी ते टाक वितळवले असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. पण पाठवले असले तर? बॉस्टनला कुठल्या तरी तळघरात, कापसात, आमचा खंडोबा घोड्यावर बसलेला, आणि खाली कुणाचं तरी नाव?

लोसा काचेला कपाळ टेकून त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"विचारलं, तू कोणाच्या घरची."

निघताना तज्ज्ञ बाई म्हणाल्या, इथे ठेवलीत तर हवा, उजेड, ओल, सगळ्याची काळजी घेऊ. लोसाने विचारलं, खोबरेल लावाल का? त्या म्हणाल्या, नाही, तेल लावता येणार नाही. लोसाने मान हलवली आणि पिशवी या वेळी स्वतः उचलली.

परतीच्या गाडीत आम्ही दोघींनी एक सँडविच वाटून खाल्लं. फतफतं, ती म्हणाली.


२५ जानेवारी

मराठी मंडळाचं हळदीकुंकू. मी जाते दर वर्षी. एक नवीन मुलगी, पुण्याची, म्हणाली, "काकू, तुम्ही ख्रिश्चन? वाटतच नाही, मराठी किती छान बोलता!" आता राग येत नाही. म्हटलं, आमच्या चर्चमध्ये पेटी-तबला होता बाळा, आणि ख्रिस्ताचं कीर्तन. तिला ते खोटं वाटलं बहुतेक.

बाबाआजोबांचं कीर्तन मला अजून ऐकू येतं. झांज उजव्या हातात, डाव्या हातात उपरणं. साहेबांना वाटायचं, उपरणं सुटायला हवं. ते काही सुटलं नाही.


२ फेब्रुवारी, रविवार

लोसाने भावाला सांगून टाकलं. लपवून ठेवणं तिला जमतच नाही, मुळात. त्याचा मला फोन.

"सिस्टर, तुम्ही देवाला मानणाऱ्या आहात. ती वस्तू तुमच्या घरात नको. शनिवारी येऊन घेऊन जातो आणि जाळतो."

आवाज चढलेला नव्हता. त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, लोसाला विचारलंत? तर म्हणाला, बहिणीशी असल्या गोष्टी मी बोलत नाही. त्यांच्यात भाऊ बहिणीसमोर मोठ्याने बोलत नाही, तिच्या खोलीत पाऊल टाकत नाही. तीस वर्षांत मी दोघांना एका सोफ्यावर बसलेलं पाहिलेलं नाही.

म्हटलं, मग शनिवारी दोघंही या. माझं घर तिच्या बाजूचंही नाही नि तुमच्याही.


८ फेब्रुवारी, शनिवार

सगळं विसरायच्या आत लिहून ठेवते.

विलियामी कोट घालून, कमरेला विणलेली चटई बांधून आला. चर्चला जाताना बांधतात ती. म्हणजे हे काम त्याच्या लेखी किती मोठं, ते कळलं. प्रभाकरने चहा दिला. लोसा स्वयंपाकघराच्या टेबलाशी, तो बाहेरच्या खोलीत, आणि मी मधल्या दारात.

मूर्ती मी टेबलावर ठेवली होती, खाली स्वच्छ टॉवेल. तो लांबूनच बघत होता. मग म्हणाला, "आमचे खापरपणजोबा गावातले पहिले. जुन्या देवाचं घर त्यांनी स्वतःच्या हाताने पेटवलं. आमच्या घराण्याचं नाव आहे ते त्यावर. ही त्यांनी लपवली असेल तर ते खोटं बोलले. मी दर वर्षी त्यांचं नाव घेऊन उपदेश करतो."

आत्ता कुठे मला समजलं. तो बाईला घाबरत नव्हता.

मी म्हटलं, "आमच्या पणजोबांनी देव दिले ते मनापासून दिले. पण घरात एकटे पणजोबाच नसतात." आणि भरीत-रोडग्यांचं सांगितलं. इंग्रजीत सांगताना फार विचित्र वाटलं, वांगं, कुत्रा, सगळं. तो मात्र लक्ष देऊन ऐकत होता.

"हिला गुंडाळलं होतं ते सालीचं कापड तुमच्यात कोण बनवतं?" मी विचारलं.

"बायका," आतून लोसा म्हणाली. आम्ही दोघीच बोलतोय असं दाखवून.

तो म्हणाला, आत्याला विचारू. त्यांच्यात बापाची बहीण सगळ्यात वरची. तिच्या शब्दापुढे कुणी नाही. इंग्रजीत नुसतंच आंट, पण मी विचारलं, वडिलांची बहीण ना? आणि म्हटलं, आमच्यातही आत्या वेगळी, काकू वेगळी, मावशी वेगळी. त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रविवारची दुपार. आत्या चर्चहून येऊन, जेवून, ओट्यावर पंख्याने वारा घेत बसलेली. नव्वदीच्या घरात, दात नाहीत. लोसाने मूर्ती कॅमेऱ्यासमोर धरली. आत्या पुढे वाकली. आम्हाला फक्त तिचं कपाळ दिसत होतं. मग ती अशी हसली की फोन हातातून पडतो की काय.

लोसा मला वाक्यावाक्याने सांगत होती. आत्या म्हणतेय, ही अजून आहे? मी हिला कडेवर घेऊन फिरायचे. आजीने पाहिलं की मारायची. आजी हिला फक्त अडलेल्या बाईसाठी काढायची. बाईच्या मुठीत द्यायची, वर प्रभूची प्रार्थना म्हणायची, दोन्ही एकदम. तुझा बाप असाच झाला, विलियामी. दोन दिवस अडला होता.

हे बाळंतपणाचं बोलणं सुरू झालं तसा विलियामी उठला. बहिणीसमोर त्याला ऐकता येईना. मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला, पाठमोरा. दार मात्र त्याने लावून घेतलं नाही.

आणि मला ती पोटावरची चमक कळली. किती बायकांचे घामेजलेले हात. माझ्या सगळ्या नोकरीत मी बायकांना बेडची लोखंडी दांडी धरायला सांगत आले.

लोसाने विचारलं, जाळायची का? आत्या म्हणाली, "जाळायची असती तर माझ्या आजीला चूल ठाऊक नव्हती का?" मग गंभीर झाली. म्हणाली, पण मी पण देवाघरी जायला बसलेय, पोरांनो, मला पापात ओढू नका. घरातल्या बाईने ठरवावं.

फोन बंद. लोसा रडत होती. विलियामी आत आला, उभ्याउभ्या गार झालेला चहा प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला. मला म्हणाला, "माझ्या ट्रकमध्ये नको. एवढंच." मूर्तीकडे पाहिलं नाही. जाताना मात्र टेबलाच्या कडेला आलेला तिच्याखालचा टॉवेल त्याने आत सरकवला.

प्रभाकर रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "माणूस वाईट नाही." मग ताट उचलताना, "आपले टाक शोधता येतील का गं?"

माहीत नाही. बॉस्टनला कुणाला विचारायचं? आणि सापडलेच, तर मी काय म्हणू? तुम्ही कोणाच्या घरचे? तुझ्या, असं त्यांनी म्हणायला मी त्यांना ओळखते कुठे?


१ मार्च, शनिवार

लोसा गेली.

सामान विलियामीच्या ट्रकने कालच. ती विमानाने, बाई तिच्या पर्समध्ये, तिच्या आईच्याच कापडात. मी आणि प्रभाकर सॅन होजेला सोडायला. व्हीलचेअरवाला येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. तिने माझा हात हातात घेतला आणि अंगठ्याने चोळत राहिली, कळा देणाऱ्या बाईचा चोळतात तसा.

पोचल्यावर फोन. सिक्युरिटीत पर्स थांबवली म्हणे. लाकडाचं काय आहे हे? लोसा म्हणाली, आजी. तो पोरगा हसला, म्हणाला, हॅव अ सेफ फ्लाइट, ग्रँडमा, कोणाला म्हणाला देव जाणे.


२ मार्च

उपासनेत लक्ष लागलं नाही. निळ्या घरावरून गाडी नेली. लिंबाला फळं लगडलीत, खाली पडून सडतायत. आठवलं, तिच्या स्वयंपाकघरात त्यांची प्रार्थनेची गाणी चालायची, चार आवाजांत, भांडी घासता घासता. मी उपासनेतलं मराठी गायन म्हणायचे तर ती खालचा सूर धरायची, शब्द न कळता. आमची चाल अभंगाची, तिचा सूर समुद्रावरचा, आणि दोन्ही कुणा गोऱ्या साहेबाच्या देवाला. साहेबाने ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

घरी येऊन चादरी परत लावल्या. ती जागा रिकामी ठेवण्यात अर्थ नाही. ठेवली तरीही.


१५ मार्च

निशाला आत्याचं सगळं सांगितलं. ती चक्क मराठीत: "मम्मी, ताईआजीचं ते वांग्याचं काय असतं, मला शिकव." म्हटलं, हा दिवस नाही तो. "सो व्हॉट," म्हणाली. स्वारीला घाई.

गॅसवर वांगं धरून व्हिडिओ केला. हळदीची चिमूट सांगितली. कुत्र्याचंही.


२७ मार्च, गुरुवार

सकाळी लोसाचा फोन, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून. सुनेला पहाटेपासून कळा. बाळाचं तोंड वर आहे, वेळ लागतोय. डॉक्टर म्हणतात वाट पाहू. मी नर्सचे प्रश्न विचारले, तिने मदतनिसाची उत्तरं दिली. दोघींना सगळं ठाऊक, तरी विचारलं.

"ती कुठाय?"

"पर्समध्ये. सुनेला सांगितलेलं नाही. ती इथे अमेरिकेतच वाढलेली पोर, हसेल की घाबरेल, समजत नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "विलियामीचा फोन आला होता. कधी करत नाही. फक्त विचारलं, ती तुझ्याबरोबर आहे का? कोण ती, ते बोलला नाही."

"तू काय म्हणालीस?"

"फोन ठेवला. आवाजावरून कळेना. आहे म्हटलं तर तो चिडणार होता, की नाही म्हटलं तर?"

तेवढ्यात आतून कुणीतरी तिला हाक मारली. पूर्वी मारायच्या तशीच, लांबवलेली. लोसा म्हणाली, थांब हं, ठेवू नकोस.

ठेवलेला नाही. फोन कानाशी धरून हे लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. प्रभाकर दारात उभा, खुणेने विचारतोय, काय झालं. मी हात करून त्याला गप्प केलंय. तिकडे काठीचा आवाज, एक दार, सुनेचं कण्हणं. आणि लोसा, तिच्या भाषेत, हलक्या आवाजात. प्रार्थना असेल. ती सुनेशी बोलतेय, की पर्समधल्या बाईशी?